भाऊजींची स्कूटर आणि माझा दात

कालव्यावरच्या पुलाशी आलो तेव्हा भाऊजी चौथ्यांदा थांबले. हातातलं पत्र्याचं झाकण तारेच्या आकड्याला धरून त्यांनी कंदिलासारखं उंच केलं आणि म्हणाले, "धाकटे, काढ."

मी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून डिकीचं लहान झाकण काढलं आणि त्यांच्या मोठ्या झाकणाला चिकटणार नाही इतपत जवळ धरलं.

"इथे पाण्यावरचा उजेड आहे," भाऊजी म्हणाले. "खालून येतो. हा उजेड खोटं बोलत नाही."

"मघाशी शाळेच्या भिंतीपाशी म्हणालात, भिंतीवरचा उजेड खोटं बोलत नाही."

"तोही नाही बोलत."

"मग खोटं बोलतो तरी कुठला?"

"ट्यूबलाइट. त्याच्यासारखा लबाड दुसरा नाही."

एक सायकलवाला आमच्याकडे बघत बघत इतका हळू झाला की त्याला पाय टेकावा लागला. दोन म्हातारी माणसं भर सकाळी पुलावर उभी राहून आभाळाला झाकणं दाखवतायत म्हटल्यावर कोणीही पाय टेकला असता.

साडेनऊला आम्ही रंगाच्या दुकानातून निघालो होतो. तिथून ताईचं घर चार किलोमीटर. रिक्षा नको, कारण मोठ्या झाकणावरचा रंग पुरता वाळला नव्हता, कशालातरी घासला असता. बस नको, कारण बसमध्ये माणसं असतात. म्हणून चालत. माझ्या हातात स्कूटरचा मूळचा रंग होता आणि भाऊजींच्या हातात त्यांनी स्वतः कालवलेला. दोन्ही एकच आहेत, हे भाऊजींचं म्हणणं. एक नाहीत, हे मला दिसत होतं, त्या सायकलवाल्यालाही दिसलं असणार. आणि ते भाऊजींना सांगायचं काम ताईने माझ्या गळ्यात घातलं होतं. एरवी मी चार किलोमीटर झाकण घेऊन कशाला चालले असते!

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर त्यांनी दात बनवले. दाताचा डॉक्टर माप घेतो, खुर्चीत बसवतो, पैसे घेतो, पण दात तो बनवत नाही. तो बनवणारा माणूस कुठेतरी मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि दिवा घेऊन बसलेला असतो. आमचे भाऊजी त्या मागच्या खोलीतले. पेशंटची तोंडं त्यांनी फारशी पाहिलीच नाहीत, पण स्वतःचं काम ते कुठेही ओळखत. एखाद्या समारंभात समोरून कुणी हसत आलं की भाऊजींना नाव आठवत नसे. ते माझ्या कानाशी लागून सांगत, "वरचे चार माझे."

आपल्याला पांढरा म्हणजे पांढरा. भाऊजींना पांढऱ्यात सोळा रंग दिसत. त्या सोळा रंगांच्या नमुन्याच्या दातांची पट्टी सदैव त्यांच्या खिशात, आपण पेन ठेवतो तशी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरच्या सगळ्यांनी मुलाची नोकरी विचारली. भाऊजींनी त्याचे दात पाहिले आणि आत येऊन सांगितलं, "दुसऱ्या नंबरचा पांढरा. माणूस नीटनेटका आहे." आणि निघाला नीटनेटका, हे मला कबूल केलं पाहिजे.

थोडक्यात, भाऊजींची सगळी ऐट त्यांच्या डोळ्यात. बाकी कशाचाच अभिमान नाही. कपडे कसेही घालतील, ताई चारचौघांत काहीही बोलली तरी हसतील. पण रंग जुळला नाही असं कुणी म्हटलं की संपलं.

स्कूटर मुळात ताईची. ती टेलिफोन ऑफिसात होती आणि स्वतःच्या पगारातून तिने स्कूटर घेतली, तेव्हा भाऊजींनी एकच शंका काढली, "चालवणार कोण?"

"मी," ताई म्हणाली. "तुम्ही मागे बसा."

ते जे बसले ते बावीस वर्षं मागेच बसले. मांडीवर कवळ्यांचा डबा घेऊन. चालवायला कधी शिकलेच नाहीत. कुणी चिडवलं तर म्हणत, "दोघंही चालवायला लागलो तर मागे कोण बसणार?"

नवी स्कूटर आली त्याच आठवड्यात ताईने मला एक चक्कर मारून आणली. मी एकोणीस वर्षांची. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं, ताईने ब्रेक दाबला आणि माझं तोंड तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटलं. तिला टेंगूळ आलं, माझा समोरचा दात अर्धा गेला. कुत्र्याला काही झालं नाही.

आई रडायला बसली, लग्नाची मुलगी म्हणून. भाऊजी मात्र खूश. त्यांना घरातच पेशंट मिळाली, तीही डॉक्टर मध्ये न येता डोळ्यांसमोर बसणारी. रोज सकाळी दहा वाजता मला खिडकीत बसवून ते शेजारच्या दाताचा रंग बघत. तीन दात करून तीनही फोडले. चौथा डॉक्टरकडून बसवून घेतला, तेव्हा आईनेच बोट लावून विचारलं, "यातला कुठला गं?"

झालं. तेव्हापासून त्यांच्या घरी कोणी नवं माणूस आलं, चहा झाला, गप्पा जरा थंडावल्या, की भाऊजी म्हणणार, "धाकटे, तोंड उघड." आणि पाहुण्याला, "ओळखा बघू माझा कुठला ते." माझं लग्न झालं, मुलं झाली, मी सासू झाले, तरी मी पाहुण्यांपुढे तोंड उघडतेच आहे.

त्या अपघातानंतर मी एक केलं होतं. डिकीच्या झाकणाला आतल्या बाजूने देवाचा छोटासा फोटो चिकटवला. माझा दात गेला तो गेला, ताईचं डोकं शाबूत राहो, एवढंच मागणं. भाऊजी स्वतः कधी हात जोडत नाहीत, पण त्यांनी फोटोला हात लावला नाही. हे पुढे कामाला आलं.

ताई निवृत्त व्हायच्या आधीच स्कूटर जिन्याखाली गेली आणि पंधरा वर्षं तिथे बादल्या, केरसुण्या अंगावर घेऊन उभी राहिली. गेल्या वर्षी ताईने भंगारवाल्याला बोलावलं. तो दारात उभा असताना भाऊजी म्हणाले, "मी दुरुस्त करतो."

ताईने भंगारवाल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, "करा. जशी होती तशी झाली तर मी स्वतः चालवीन, तुम्हाला मागे बसवून. पण रंगात जरी फरक दिसला ना, तर ती भंगारात आणि तुम्ही जिन्याखाली."

ताई गमतीने बोलली. भाऊजींनी ते डॉक्टरकडून आलेल्या मापासारखं घेतलं.

त्यानंतर आठ महिने त्या घरात स्कूटर सगळीकडे होती, फक्त एका जागी नव्हती. हॉलमध्ये टीव्हीखाली इंजिन. गॅलरीत चाकं. स्वयंपाकघराच्या खिडकीत कार्बोरेटर, ऊन दाखवायला. नटबोल्ट भाऊजींनी दातांच्या ट्रेमध्ये मांडले आणि त्यावर चिठ्ठ्या लावल्या, त्यांना येत होत्या त्या भाषेत: वरचा उजवा, खालचा डावा, मागची दाढ. ताई मला फोनवर म्हणाली, "बाई, माझ्या घरात स्कूटरला अक्कलदाढ आलीय."

हँडलची एक मूठ फुटली होती. तशी मूठ आता मिळत नाही म्हटल्यावर भाऊजींनी चांगल्या मुठीचा साचा घेतला आणि कवळीच्या मसाल्यात नवी मूठ ओतली. इतकी तंतोतंत की रेघ न् रेघ जुळली. फक्त रंगाने हिरडीसारखी गुलाबी.

"रंगवेन मी," भाऊजी म्हणाले.

"राहू द्या तशीच," ताई म्हणाली. "चोराने हात घातला तर चावेलसं वाटतंय."

आणि मग त्यांनी ती चूक केली. दातावर काहीही चढवायचं तर आधी तो घासून लख्ख करायचा, हा त्यांचा नियम. पॉलिश पेपर घेऊन बसले आणि महिनाभरात स्कूटर कोपऱ्याकोपऱ्यातून अशी घासली की पत्र्यात तोंड दिसावं. नमुन्याला म्हणून नखाएवढा रंग ठेवला नाही. शेजारचा दात न बघता कुणी दात केला असता तर याच भाऊजींनी त्याला मागच्या खोलीतून बाहेर काढलं असतं.

सगळं घासून झाल्यावर ताईने साधा प्रश्न विचारला. "रंग कुठला द्यायचा?"

"होता तो."

"कुठला होता?"

ताईच्या मते हिरवट. माझ्या मते हिरवाच. भाऊजींच्या मते राखाडीकडे झुकणारा. जुना फोटो एकच निघाला आणि तोही काळापांढरा. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत असं ताई म्हणते. एक दिवस असेल.

मग त्यांच्या लक्षात आलं की एका जागी आपण घासलेलं नाही. देवाचा फोटो काही त्यांच्याने घासवला नव्हता. त्यांनी किटलीची वाफ देऊन, चिमट्याने, एखाद्या पेशंटला दुखू नये अशा काळजीने तो फोटो उचलला. त्याच्याखाली काडेपेटीएवढा रंग जसाच्या तसा. कोबीच्या अगदी आतल्या पानासारखा फिका, ओला हिरवा. तो बघताक्षणी ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली कांदा चिरत होते.

फोटो भाऊजींनी माझ्या हातात दिला. "घे. तुझ्या देवाने सॅम्पल राखून ठेवलं."

मी तो पर्समध्ये ठेवला आहे. त्या दिवशी पुलावरही तो माझ्याजवळ होता.

पुढचे दोन महिने भाऊजी प्लास्टरच्या वाटीत रंग कालवत बसले. थेंब पांढरा, थेंब पिवळा, थेंब निळा. शेवटी म्हणाले, जुळला. इंजिनावरचं मोठं झाकण घेऊन ते रंगाच्या दुकानात गेले, तिथल्या मागच्या अंगणात मशीनने रंग मारून घेतला. मूळचं झाकण घेऊन मी बरोबर. रंगवाला दोन्ही झाकणं बघून म्हणाला, "काका, निळा जास्त झालाय."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी रंग जुळवतोय," भाऊजी म्हणाले आणि ओलं झाकण उचलून रस्त्यावर आले.

खरं तर रंगवाल्याने सांगितलं ते भाऊजी रंग कालवत होते तेव्हाच ताईने सांगितलं होतं. "हा दवाखान्याच्या पडद्याचा रंग आहे." भाऊजींना वाटलं, नेहमीचं टोचून बोलणं. पण आदल्या दिवशी ताईने मला बाजूला घेतलं तेव्हा ती थट्टा करत नव्हती.

"म्हणतात चादरी पिवळ्या धुतल्या जातात, साबण बदल. मी दोन साबण बदलले. मग म्हणतात, हल्ली बल्ब पिवळे येतात. चार बल्ब बदलले. चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत गं. मला कळतंय काय झालंय ते, तुलाही कळतंय. पण मी तोंड उघडलं की भांडण. तू सांग. तुझं ऐकतील, तुझ्या तोंडात त्यांचा दात आहे."

"तेच तर अवघड आहे," मी म्हणाले. ताईने माझ्या दाताकडे पाहिलं.

तर, पुलावर. शाळेच्या भिंतीपाशी, दूध केंद्रासमोर, चिंचेच्या सावलीत, तीनदा मी "हं" म्हणून वेळ मारून नेली होती. चौथ्यांदा मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "भाऊजी, हा निळा आहे."

"कुठला?"

"तुमचा."

"ताईने शिकवलं?"

"सांगायला ताईने सांगितलं. दिसतंय ते माझं मला."

भाऊजींनी झाकण खाली केलं. कठड्याला आकडा अडकवून टांगलं. मग खिशातून ती पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली. "यातले कुठलेही दोन काढ. नंबर मला दाखवू नकोस."

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचे दात काढले आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. मला पांढऱ्यातलं काही कळत नाही, पण एक उजळ आणि एक जरा मळका, एवढं मलाही दिसत होतं. भाऊजींनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. माझा हात धरून पाण्याच्या बाजूला वळवला.

"एकाच नंबरचे दोन कुठून आले?" ते म्हणाले.

मी दात उलटे केले. मागे आकडे होते. भाऊजींनी ते वाचले आणि कठड्यावर बसले.

मी पण बसले. खालून पाणी चाललं होतं. भाऊजींनी ते दोन दात माझ्या हातातून घेतले आणि एकेक करून पट्टीत परत बसवले. मला वाटलं, मी त्या माणसाची एकुलती एक चीज मोडली.

"मी काम का सोडलं, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"पाठीमुळे."

"पाठ ठणठणीत आहे. शेवटच्या वर्षी एका डॉक्टरकडून तीन वेळा दात परत आला. एकाच बाईचा. रंग जुळत नाही म्हणून. मी त्याला शिव्या दिल्या. चौथ्यांदा केला, तोही परत आला. मग मीच सांगितलं, पाठ दुखते, आता होत नाही." त्यांनी पट्टी बोटाने पुसली. "मला वाटलं, संपलं आपलं. हातातलं गेलं. एकदा गेलं की ते काही परत येत नाही. म्हणून म्हटलं, एवढी स्कूटर तरी जुळवून बघू. जुळली तर गेलेलं नाही."

आठ महिने हॉलमध्ये इंजिन का होतं, ते मला तेव्हा कळलं.

"भाऊजी," मी म्हणाले, "हातातलं काही गेलेलं नाही. मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदूने दिसेनासं होतं. मला दिसतंय की."

"आमच्या ह्यांनाही दिसत होतं. ऑपरेशन करून घरी आले आणि म्हणाले, भिंती कधी रंगवल्या? मी म्हटलं, रंगवल्या कुठे, पांढऱ्याच होत्या. त्यांना चार वर्षं पिवळ्या दिसत होत्या. निळं तर अजिबात कळत नव्हतं. निळे मोजे, काळे मोजे, कसलेही जोडीने घालून जायचे."

"म्हणजे डोळा?"

"डोळा."

"नुसता डोळा?"

"नुसता डोळा. सकाळी जायचं, दुपारी घरी."

भाऊजी आधी खांद्यांनी हसायला लागले, मग आवाज करून. माझ्या जिवात जीव आला. मी त्यांचा अभिमान मोडायला निघाले होते आणि माणूस मोतीबिंदू झाला म्हणून हसतोय! इतका वेळ थांबलेला सायकलवाला आता पेडल मारून निघाला.

"मग ताई इतके दिवस बोलली का नाही?"

"बोलली. तुम्ही तिला साबण बदलायला लावलात."

पुन्हा हसले. डोळे पुसले. आणि पुसता पुसता एकदम थांबले. रुमाल तसाच गालावर. मी कशाला घाबरत होते ते आलं.

"धाकटे," ते म्हणाले. "तोंड उघड."

मी उघडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"उघड म्हणतोय ना."

"उघडून तुम्हाला दिसणार थोडंच आहे," मी ओठ न हलवता म्हणाले.

"मग सांग तू."

मी सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. माझे बाकीचे दात माझ्याबरोबर वयात आले, चहाने पिवळे झाले. त्यांनी केलेला दात मात्र अजून एकोणीस वर्षांचाच आहे.

"किती दिवस झाले?"

"दहा-बारा वर्षं झाली असतील. हल्ली जरा जास्त."

"लांबून दिसतो?"

"रस्त्याच्या पलीकडून."

"आणि मी पाहुण्यांना म्हणतो, ओळखा!"

"ओळखतात की. सगळे ओळखतात. मग खोटंच दुसऱ्या दाताकडे बोट दाखवतात."

"कुणी एकजणही बोलला नाही?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने दाखवता. कोण बोलणार? मीसुद्धा नाही बोलले."

भाऊजी उठले, कठड्यावरचं झाकण काढलं आणि चालायला लागले. मी मूळचा रंग रुमालात गुंडाळून मागोमाग. आता ते कुठे थांबेनात. सावली आली, ऊन आलं, पाण्याची टाकी आली, झाकण हातात नुसतं लटकत होतं. मला वाटलं रागावले. तेवढ्यात एक माणूस समोरून आला, त्यांच्याकडे बघून हसला आणि गेला. भाऊजी सवयीने माझ्या कानाकडे झुकले, मग तसेच सरळ झाले. "माझे असतील तर असतील," म्हणाले.

ताई गेटात उभीच होती. लांबून तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, सांगितलंस का? मी मानेनेच हो म्हटलं. भाऊजींनी ते पाहिलं, पण तिकडे दुर्लक्ष करून ते कुंपणापाशीच थांबले. पट्टी खिशातून काढून माझ्या हातात दिली आणि ताईला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले,

"स्कूटर थांबेल. पंधरा वर्षं थांबली, अजून दोन महिने थांबेल. डोळ्याची पट्टी सोडतील त्या दिवशी सकाळी दहाला तू येऊन खिडकीत बस. आधी तुझा दात नवा करायचाय, आत्ताच्या तुझ्या वयाचा. आणि धाकटे, या वेळी जुळला नाही तर माझं कौतुक बघत बसू नकोस. तिथल्या तिथे सांग. सांगशील ना?"